स्पेससूट रेडिएशन किती अडवतो, हे घरबसल्या कसं काढायचं

मी एका कर्करोग रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. विभागाच्या रेडिएशन सेफ्टीची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. शाळा-कॉलेजात व्याख्यानाला गेले की एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, स्पेससूट घातल्यावर अंतराळवीराला रेडिएशन लागतच नसेल ना?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा एक्स-रे रूममधला लेड ॲप्रन असतो. तो जाड, जड ॲप्रन जर रेडिएशन अडवतो, तर शंभर किलोंच्या वर वजन असलेला स्पेससूट नक्कीच अडवत असणार, असा हा हिशोब.

नुसतं "हो" किंवा "नाही" म्हणून या प्रश्नाचं समाधान होत नाही. पण उत्तर काढता येतं, आणि ते प्रत्येकाने एकदा स्वतः काढून पाहावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लागतात झेरॉक्सच्या कागदाचं एक रीम, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि तासभर वेळ.

आधी कोणतं रेडिएशन ते ठरवा

"रेडिएशन" या एका शब्दात आपण फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. सूर्याचा प्रखर उजेड आणि अतिनील किरण यांच्यापुरतं बोलायचं तर स्पेससूट उत्तम काम करतो. कापडाचे थर अतिनील किरण आत येऊ देत नाहीत, आणि हेल्मेटवरच्या व्हायझरला सोन्याचा पातळ मुलामा असतो तो डोळ्यांची काळजी घेतो. हा विषय इथेच संपला.

खरा प्रश्न आहे तो वेगाने येणाऱ्या कणांचा. त्यांचे तीन स्रोत लक्षात ठेवा. पहिला, आकाशगंगेतून सगळ्या दिशांनी सतत येणारे वैश्विक किरण. त्यातल्या अणुकेंद्रकांपैकी सुमारे ८७ टक्के प्रोटॉन, १२ टक्के हेलियम आणि उरलेला टक्काभर लोहासारखी जड केंद्रकं. दुसरा, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, म्हणजे व्हॅन ॲलन पट्टे. तिसरा, सूर्यावरच्या स्फोटांनंतर तासन् तास, कधी दोन-तीन दिवस चालणारा प्रोटॉनचा मारा. सूट एकच असला तरी या तिन्हींपुढे त्याचं चालणं अगदी वेगवेगळं आहे. म्हणून "सूट किती टक्के रेडिएशन अडवतो" असं विचारलं की मी आधी विचारते, "कुठलं?"

आता कागद मोजायला घ्या

आडोशाची ताकद मिलिमीटरमध्ये मोजू नका. कण अडवायला वाटेत किती वस्तुमान आहे हे महत्त्वाचं, म्हणून आम्ही ती एका चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम अशी मोजतो. घरात करून पाहा. जुन्या जीन्सचा २० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा कापा, सोनं किंवा मसाले मोजायच्या छोट्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि आलेल्या ग्रॅमला ४०० ने भागा. आला जीन्सचा आकडा.

कागदाचं तर काम आणखी सोपं, कारण रीमच्या वेष्टनावर आकडा छापलेलाच असतो. ८० जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम. चौरस मीटरमध्ये दहा हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक कागद झाला चौरस सेंटिमीटरला ०.००८ ग्रॅम. पुढे आडोशासाठी नुसतं ग्रॅम म्हटलं तरी ते असेच, एका चौरस सेंटिमीटरमागचे.

आता स्पेससूटकडे या. अंतराळ स्थानकावर वापरतात त्या अमेरिकी सूटला जवळपास चौदा थर असतात. अंगालगत थंड पाण्याच्या बारीक नळ्या शिवलेला पोशाख, त्यावर हवा धरून ठेवणारा लेप दिलेला नायलॉनचा थर, तो फुगू नये म्हणून डॅक्रॉन, मग ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या मायलरचे अनेक पापुद्रे आणि सगळ्यात बाहेर गोरटेक्स, केव्हलार, नोमेक्स यांचं विणलेलं पांढरं कापड. ऐकायला हे खूप वाटतं. पण नासा सूटच्या आडोशासाठी जो ठोकळ आकडा देते तो आहे चौरस सेंटिमीटरला ०.२५ ग्रॅम.

०.२५ भागिले ०.००८ म्हणजे ३१. रीममधून ३१ कागद काढा आणि चिमटीत धरा. जाडी जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. वैश्विक किरणांपुढे अंतराळवीराच्या दंडाभोवती असतो तो आडोसा एवढाच आहे. सूटचं बहुतेक वजन पाठीवरच्या पेटाऱ्यात असतं: प्राणवायूच्या टाक्या, पंखा, बॅटरी, थंड करणारी यंत्रणा. छातीचा फायबरग्लासचा कडक भाग आणि पाठ यांना जास्त आडोसा मिळतो, हात-पाय मात्र नुसत्या कापडाच्या भरवशावर असतात.

तुलनेसाठी आणखी तीन गठ्ठे. अपोलोच्या कमांड मॉड्यूलची, म्हणजे अंतराळवीर बसायचे त्या मुख्य भागाची, भिंत ७ ते ८ ग्रॅम, म्हणजे हजाराच्या थोडे आत कागद, जवळपास दोन रीम. अंतराळ स्थानकातल्या सगळ्यात सुरक्षित कोपऱ्यांत १५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार रीमना थोडे कमी. आणि आपण जमिनीवर राहतो त्यांच्या डोक्यावरची हवा: चौरस सेंटिमीटरला १०३३ ग्रॅम, अडीचशेहून जास्त रीम. शाळेत मी हे करते तेव्हा ३१ कागद एका मुलीच्या हातात देते आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवून सांगते की अडीचशे रीम रचली तर हा गठ्ठा छताबाहेर जाईल. त्यानंतर सूटबद्दल फार बोलावंच लागत नाही.

कागदावरून ऊर्जा काढा

प्रोटॉन वस्तूत शिरला की थोडी थोडी ऊर्जा सोडत जातो आणि ठरावीक अंतरावर थांबतो. पाण्यासारख्या पदार्थात हे अंतर काढायचं सोपं सूत्र आहे:

पल्ला (ग्रॅम) = ०.००२२ × ऊर्जेचा १.७७ वा घात

ऊर्जा एमईव्हीमध्ये, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या हिशोबात. उलट जायचं असेल, म्हणजे आडोशावरून ऊर्जा काढायची असेल, तर ग्रॅमच्या आकड्याला ०.००२२ ने भागा आणि येईल त्याचा ०.५६५ वा घात काढा. मोबाइल आडवा धरला की बऱ्याच कॅल्क्युलेटरवर घाताची कळ दिसते. सूट आणि यानाची भिंत काही पाण्याची नसते, पण आपल्या कामापुरती ही रीत चालते.

सूट: ०.२५ भागिले ०.००२२ झाले ११३.६, त्याचा ०.५६५ वा घात साधारण १४.५. म्हणजे सुमारे १५ एमईव्हीच्या आतले प्रोटॉन सूटमध्येच थांबतात. त्यावरचे आत येतात. इलेक्ट्रॉनसाठी आमच्याकडे रेडिओथेरपीत तोंडी हिशोब चालतो: एमईव्हीच्या निम्मे ग्रॅम. त्या हिशोबाने अर्ध्या एमईव्हीच्या थोड्या वरपर्यंतचे इलेक्ट्रॉन सूट अडवतो.

आता १०० एमईव्ही घालून पाहा. पल्ला येतो ७.६ ग्रॅम, पाण्यातले साडेसात सेंटिमीटर. हे प्रोटॉन आपल्याला परके नाहीत. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये टाटा मेमोरियलचं प्रोटॉन उपचार केंद्र २०२३ मध्ये सुरू झालं, तिथे साधारण ७० ते २३० एमईव्हीचे प्रोटॉन शरीरात खोलवर दडलेल्या गाठीपर्यंत मुद्दाम पोचवले जातात. त्यांना वाटेत ३१ कागद आडवे आले तर जाणवणारसुद्धा नाही. आणि वैश्विक किरणांची नेहमीची ऊर्जा याहूनही मोठी, काहीशे ते हजार एमईव्ही. हजार एमईव्हीच्या प्रोटॉनला थांबवायला पाण्याचे तीन मीटरहून जास्त लागतात. तिथे सूट असला काय आणि नसला काय, हिशोबात फरक पडत नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकी सूट आणि रशियाचा ऑर्लान सूट हे दोन्ही कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठाच्या रुग्णालयात प्रोटॉनच्या झोतात ठेवून तपासले गेले. कर्करोगाच्या उपचारासाठीच उभारलेलं यंत्र, आणि आत मानवी पुतळा घातलेला सूट. त्या अभ्यासाचा अहवाल नासाने २००३ मध्ये काढला. माझ्या पेशाची माणसं आणि माझ्या ओळखीची यंत्रं त्या कामात होती, याचा मला अभिमान वाटतो.

आता स्वतःचं शरीर त्यात मिळवा

ही पायरी लोक गाळतात, आणि उत्तर तिथेच दडलेलं आहे. आपलं शरीर हाही आडोसाच आहे. त्वचेचा जिवंत थर पृष्ठभागापासून ०.०७ मिलिमीटरवर, म्हणजे ०.००७ ग्रॅम. डोळ्याचं भिंग ३ मिलिमीटरवर, ०.३ ग्रॅम. रक्त तयार करणाऱ्या मज्जेसाठी जुना ठोकळ आकडा ५ सेंटिमीटर, म्हणजे ५ ग्रॅम. प्रत्येकात सूटचे ०.२५ मिळवा आणि वरच्याच सूत्राने पुन्हा ऊर्जा काढा.

त्वचा: सूट नसता तर २ एमईव्हीचा प्रोटॉनही पोचला असता. सूटमुळे त्याला जवळपास १५ एमईव्ही लागतात. फरक प्रचंड.

भिंग: १६ वरून साधारण २३. हेल्मेट आणि व्हायझर पॉलिकार्बोनेटचे असल्यामुळे प्रत्यक्षात थोडं अधिकच.

मज्जा: सूटशिवाय ७९ एमईव्ही, सूटसकट ८१.

दोन एमईव्हीचा फरक. पाच ग्रॅममध्ये पाव ग्रॅम मिळवून होणार तरी किती? तेव्हा मुलांना मी असं सांगते: स्पेससूट कातडीला वाचवतो, डोळ्यांना थोडं वाचवतो आणि मज्जेला जवळजवळ काहीच मदत करत नाही. आता यानाची भिंत घालून पाहा. कमांड मॉड्यूलचे साडेसात आणि शरीराचे पाच मिळून साडेबारा ग्रॅम, म्हणजे मज्जेपर्यंत यायला प्रोटॉनला १३० एमईव्हीच्या वर ऊर्जा हवी. स्थानकातल्या चांगल्या कोपऱ्यात १७० च्या वर. सौरवादळात जास्त ऊर्जेचे प्रोटॉन झपाट्याने कमी होत जातात, त्यामुळे ८१ वरून १३० ला गेलं की डोस कोसळतो.

किती कोसळतो याचं उदाहरण ऑगस्ट १९७२ चं. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं, अपोलो १७ डिसेंबरमध्ये निघायचं होतं, आणि मधल्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अवकाशयुगातल्या सगळ्यात भयंकर प्रोटॉन वादळांपैकी एक आलं. त्या वेळी चंद्रावर कुणी नुसत्या सूटमध्ये चालत असतं तर ४०० रेमपर्यंत, म्हणजे ४ सीव्हर्ट (दोन्ही शरीराला लागलेल्या रेडिएशनची मापं) डोस बसला असता, असा नासाच्या तज्ज्ञांचा नंतरचा अंदाज आहे. उपचार मिळाले नाहीत तर एवढ्या डोसने निम्मी माणसं दगावू शकतात. तीच व्यक्ती कमांड मॉड्यूलमध्ये असती तर मज्जेचा डोस ३५ रेमच्या आत राहिला असता. वादळ तेच, माणूस तोच. फरक ३१ कागद आणि दोन रीम यांच्यातला.

बिल्ला काय सांगतो

माझ्या कोटाला लावलेला टीएलडी बिल्ला, म्हणजे अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा बिल्ला, तुम्ही एखाद्या एक्स-रे टेक्निशियनच्या खिशावर पाहिला असेल. तो उघडला तर आत निकेलचा मुलामा दिलेली छोटी पट्टी असते आणि तिच्यावर तीन पांढुरक्या चकत्या, कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम मिसळलेल्या. एका चकतीवर तांबं-ॲल्युमिनियमचा गाळणीपडदा, दुसरीवर प्लॅस्टिक, तिसरी उघडी. दर तीन महिन्यांनी बिल्ला वाचायला जातो. उघडी चकती जास्त भरली आणि धातूखालची कोरडी राहिली, तर मारा कातडीपुरता होता हे कळतं. दोन्ही सारख्या भरल्या तर तो खोल गेला. आपण आत्ता त्वचा आणि मज्जेचा जो हिशोब केला, तोच या तीन चकत्या मुकाट्याने करत असतात.

याच जातीच्या चकत्या अंतराळातही गेल्या आहेत. मात्र्योश्का नावाच्या प्रयोगात खरी हाडं आणि ऊतींसारखं प्लॅस्टिक वापरून केलेलं माणसाचं धड, आडवे काप एकावर एक रचून, अंतराळ स्थानकाच्या बाहेर बसवलं होतं. फेब्रुवारी २००४ पासून ऑगस्ट २००५ पर्यंत ते बाहेर होतं. त्याभोवती कार्बन तंतूंचं पातळ वेष्टन होतं, स्पेससूटची जागा घेणारं, आणि आत प्रत्येक कापात टीएलडी पेरलेले. निष्कर्ष असा की यानाबाहेरच्या माणसाच्या अंगावरचा बिल्ला त्याच्या शरीराला प्रत्यक्ष लागलेल्या परिणामी डोसपेक्षा तिपटीहून जास्त दाखवतो, यानाच्या आत मात्र तोच बिल्ला फक्त १५ टक्क्यांनी जास्त. कारण उघड आहे: सूटमधून आलेले कमी ऊर्जेचे कण बिल्ल्यावर आणि कातडीवरच खर्ची पडतात, आतल्या अवयवांना शरीरच सांभाळतं. सूटमधल्या माणसाच्या बिल्ल्याचा आकडा वाचताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर भीती अवाजवी वाढते.

घड्याळ लावा

आमच्या पेशात सुरक्षेचे तीन उपाय पहिल्याच दिवशी शिकवतात: वेळ, अंतर, आडोसा. अंतराळात अंतराचा उपयोग नाही, कारण कण चोहोबाजूंनी येतात. आडोशाचं आपण पाहिलं. राहिली वेळ, आणि स्पेससूटमधल्या माणसाला वाचवणारी गोष्ट खरं तर तीच आहे.

अंतराळ स्थानकावर दिवसाला साधारण ०.५ ते ०.७ मिलिसीव्हर्ट डोस बसतो. ०.६ धरा, २४ ने भागा, साडेसहा तासांच्या स्पेसवॉकने गुणा. येतात ०.१६ मिलिसीव्हर्ट. बाहेर आडोसा कमी म्हणून अगदी दुप्पट धरले तरी ०.३२. पोटाच्या एका सीटी स्कॅनला साधारण आठ-दहा मिलिसीव्हर्ट लागतात. चंद्रावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं छत्र नाही, म्हणून तिथे दर जास्त. चीनच्या चांग-ई ४ वरच्या उपकरणाने तो दिवसाला १.३७ मिलिसीव्हर्ट मोजला. चंद्रावर आठ तास सूटमध्ये काम केलं तर झाले सुमारे ०.४६. शांत दिवस असेल तर सूटमधला एक दिवस घाबरण्यासारखा नाही, आणि याचं श्रेय सूटच्या कापडाला नसून थोडक्या तासांना आहे.

मोठ्या कारकिर्दीवर हेच गणित लावून पाहा. सुनीता विल्यम्स यांचे अंतराळातले दिवस ६०८ आणि नऊ स्पेसवॉकचे मिळून तास ६२. दिवसाला ०.५ धरले तर ६०८ दिवसांचे ३०० मिलिसीव्हर्ट होतात. ६२ तास म्हणजे अडीच दिवसांच्या थोडं वर. तिथे दर दुप्पट मानला तरी अडीच-तीन मिलिसीव्हर्ट, एकूणाचा टक्काभर. हा आपला ठोकताळा आहे, त्यांच्या नोंदवहीतला डोस नव्हे. पण रेडिएशनचा खरा भार यानाच्या आत झोपताना, जेवताना, व्यायाम करताना साठतो, हे यातून लख्ख दिसतं. नासाची आताची मर्यादा संपूर्ण कारकिर्दीला ६०० मिलिसीव्हर्ट आहे. आम्हा रुग्णालयातल्या लोकांना भारतात सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कुठल्याही एका वर्षात कमाल ३०. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अठरा दिवस स्थानकावर राहिले, ते बाहेर पडले नाहीत. त्यांचा अंदाज आता तुम्हीच काढा. मी ०.६ च्या दराने काढला तेव्हा ११ च्या आसपास आला, म्हणजे माझ्या वर्षाच्या सरासरी मर्यादेच्या निम्म्याहून थोडा जास्त.

वेळ सांभाळायची म्हणजे कुठली वेळ टाळायची हेही आलं. दक्षिण अटलांटिकवर व्हॅन ॲलनचा आतला पट्टा पृथ्वीच्या बराच जवळ येतो आणि स्थानकाच्या काही फेऱ्या त्यातून जातात. नासाचा ह्यूस्टनमधला रेडिएशनचा गट स्पेसवॉकचं वेळापत्रक आखताना शक्यतो हे टप्पे चुकवतो. तिथले प्रोटॉन दहापासून काहीशे एमईव्हीपर्यंतचे असतात, आणि १५ च्या वर सूट काय करतो ते आपण काढलंच आहे.

"मग सूट जाड का करत नाहीत?"

हा पुढचा प्रश्न येतोच, आणि त्याचंही गणित तयार ठेवा. माणसाच्या अंगाचा पृष्ठभाग दोन चौरस मीटर धरा, वीस हजार चौरस सेंटिमीटर. प्रत्येक सेंटिमीटरवर एक ग्रॅम वाढवायचा तर वीस किलो वाढले. कमांड मॉड्यूलच्या भिंतीइतका आडोसा हवा तर दीडशे किलो. सूट आतून फुगलेला असतो, हवेचा दाब २९ किलोपास्कलच्या आसपास, त्यामुळे बोटं मिटायलाही जोर लावावा लागतो. जाड थर घातला तर काम दुप्पट वेळ चालेल, आणि बाहेरचा वेळ वाढला म्हणजे डोसही वाढला. शिवाय हजार एमईव्हीच्या कणांना साडेसात ग्रॅमनेही फारसा फरक पडत नाही.

शिशाचा विचार तर मनातून काढूनच टाका. आमचा अर्ध्या मिलिमीटर शिशाचा ॲप्रन चौरस सेंटिमीटरला ०.५७ ग्रॅम भरतो, म्हणजे आडोशाच्या वजनात सूटच्या दुपटीहून जास्त. तो एक्स-रे इतके छान अडवतो, कारण कमी ऊर्जेचे फोटॉन जड अणूंमध्ये गिळले जातात. प्रोटॉनचं तसं होत नाही. तेवढ्याच वजनाच्या शिशात १०० एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट पल्ला गाठतो, आणि वेगवान कण जड केंद्रकांवर आदळले की न्यूट्रॉनसारखे दुय्यम कण उडतात ते वेगळेच. अंतराळात हायड्रोजन जास्त असलेले हलके पदार्थ चांगले. पाण्याच्या वजनात ११ टक्के हायड्रोजन असतो, पॉलिथिलीनमध्ये १४ टक्के.

म्हणून जाड आडोसा अंगावर न घालता यानात ठेवतात. २०२२ च्या आर्टेमिस १ मोहिमेत हेल्गा आणि झोहार असे दोन स्त्री-पुतळे चंद्राला फेरी मारून आले. झोहारला ॲस्ट्रोरॅड नावाचं संरक्षक जाकीट घातलं होतं, तेही यानाच्या आत घालण्यासाठीचं. त्या प्रवासातलं एक निरीक्षण मला फार आवडतं: व्हॅन ॲलन पट्ट्यातून जाताना मोहिमेचं ओरायन यान ९० अंशांत वळलं आणि आतला डोस दर निम्म्यावर आला. यानातल्या सामानाचा आडोसा नेमक्या बाजूला आला, बस. एक ग्रॅमही वजन न वाढवता.

शेवटी आलेख वाचायला शिका

हे सगळं जमलं की रोजच्या सरावाला अमेरिकेच्या नोआ संस्थेचा प्रोटॉन आलेख उघडा. गोज उपग्रहांची मोजमापं त्यावर सतत येत असतात आणि तो कुणालाही फुकट पाहता येतो. त्यात वेगवेगळ्या ऊर्जांच्या रेषा असतात. १०, ५० आणि १०० एमईव्हीच्या वरचे प्रोटॉन दाखवणाऱ्या रेषा शोधा. उभी पट्टी कणांचा मारा किती ते दाखवते आणि ती दसपटीची आहे: एक घर वर म्हणजे दहापट.

१० च्या रेषेने १० चा आकडा ओलांडला की नोआ एस-१ दर्जाचं वादळ जाहीर करते, १०० ला एस-२, असं दर दसपटीला वाढत एक लाखाला एस-५. बातमीत येतो तो हाच दर्जा. पण तो १० एमईव्हीच्या रेषेवर ठरतो, आणि सूटमधल्या माणसाच्या दृष्टीने ती रेषा मुख्यतः कातडीची आहे. मज्जेसाठी १०० ची रेषा पाहा, कारण ८१ च्या जवळची तीच. ती एकच्या वर सरकली तर ह्यूस्टनमध्येही लोक खुर्चीत ताठ बसतात.

तेव्हा वादळाची बातमी आली की असं करा. १० ची रेषा चढली आहे आणि १०० ची तळाशीच सपाट आहे: सूटमधल्या माणसाच्या त्वचेला आणि डोळ्यांना डोस मिळेल, मज्जा बरीच सुरक्षित. दोन्ही चढल्या आहेत: सूट विसरा, जाड भिंतीकडे परतायला किती मिनिटं लागतील तेवढंच मोजा. अपोलो १७ चे दोघं रोव्हरवरून आपल्या चांद्रयानापासून ७.६ किलोमीटरपर्यंत गेले होते, आणि त्या यानाच्या भिंतीही पातळच होत्या, खरा आसरा वर फिरणाऱ्या कमांड मॉड्यूलमध्ये. उलट २० जानेवारी २००५ च्या वादळात सूर्यावर ज्वाला दिसल्यापासून अर्ध्या तासाच्या आत जास्त ऊर्जेचे प्रोटॉन पृथ्वीपाशी पोचले होते. जुन्या नोंदींच्या आलेखावर ती तारीख काढून १०० ची रेषा किती उभी चढते ते बघा, मग तिच्याशेजारी ऑक्टोबर २००३ मधल्या एखाद्या वादळाची रेषा ठेवा, आणि प्रत्येक वेळी चढायला सुरुवात झाल्यापासून शिखरापर्यंत किती वेळ मिळाला ते वहीत टिपत जा. चंद्रावर तळ उभारताना आसरा किती किलोमीटरच्या आत हवा, हे त्या मिनिटांवरून काढता येतं.